यावाताची पहिली भट्टी का थंडावली, आणि तरीही कारखाना वाढला कसा?

प्रश्न असा आहे: जपान सरकारने यावाता इथे जर्मन आराखड्यावर, जर्मन यंत्रे आणि जर्मन तंत्रज्ञ आणून लोखंड-पोलादाचा कारखाना उभारला. १९०१ मध्ये पेटवलेली पहिली झोतभट्टी (खालून हवेचा झोत सोडून खनिजातून लोखंड वितळवणारी उंच भट्टी) दीड वर्षात बंद करावी लागली. १९०४ च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा पेटवली, तर सतरा दिवसांत थांबली. त्याच वर्षी जुलैमध्ये तिसऱ्यांदा पेटवल्यावर मात्र ती चालली. मग दोष कशात होता? भट्टीत, माणसांत की पैशांत? आणि अशी सुरुवात झालेल्या कारखान्याने नंतर एकामागून एक तीन विस्तार कसे पेलले?

याचं उत्तर बहुतेक ठिकाणी एका वाक्यात मिळतं: ‘जर्मन आराखडा जपानी परिस्थितीला जुळला नाही.’ हे खोटं नाही, पण त्यातून कळत काहीच नाही. जुळला नाही तो मुख्यतः कोक, म्हणजे भट्टीत भाजून तयार केलेला दगडी कोळसा. आणि तो न जुळण्यामागे कामाचा उलटा क्रम होता: भट्टी आधी, कोकच्या नीट भट्ट्या नंतर. बाकीची दुखणी याच मुळातून निघालेली आहेत.

आधी थोडा इतिहास. चीनशी झालेल्या १८९४-९५ च्या युद्धानंतर, १८९६ मध्ये जपानच्या संसदेने सरकारी पोलाद कारखान्याला मंजुरी दिली. पुढच्या वर्षी क्यूशू बेटाच्या उत्तर टोकावरचं यावाता गाव ठरलं. चिकुहोचं कोळसाक्षेत्र अगदी पाठीशी आणि दोकाईची खाडी दाराशी, म्हणून. मूळ योजना वर्षाला ६०,००० टन पोलादाची होती. संचालक वादा त्सुनाशिरो आणि तांत्रिक प्रमुख ओशिमा मिचितारो यांच्या काळात ती ९०,००० टनांवर गेली. आराखडा ओबरहाउसेनच्या गुटेहोफनुंग्सह्युटे कंपनीचा. सुरुवातीचा अंदाज सुमारे ४१ लाख येनांचा होता, प्रत्यक्षात खर्च १ कोटी ९० लाखांच्या पुढे गेला. हिगाशिदा येथील पहिली भट्टी रोज १६० टन कच्च्या लोखंडासाठी आखलेली होती. ती ५ फेब्रुवारी १९०१ ला पेटली. उद्घाटनाचा समारंभ त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला झाला.

भट्टी पेटली तेव्हा आराखड्यात धरलेल्या कोकभट्ट्या तयार नव्हत्या. तात्पुरती सोय म्हणून मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घुमटाकार भट्ट्यांमध्ये कोक भाजला जात होता. इथेच सगळं घोडं अडलं.

झोतभट्टीत कोक तीन कामं करतो. तो जळून उष्णता देतो. त्याच्यापासून होणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला प्राणवायू काढून घेतो. तिसरं काम लोक विसरतात: खनिज आणि चुनखडी मऊ होऊन वितळायला लागतात तिथे घन राहणारा पदार्थ फक्त कोकच असतो. वरचा सगळा ढीग त्याच्यावर टेकलेला असतो आणि खालून येणारा वायू त्याच्याच फटींतून वर जातो. कोक ठिसूळ असेल तर तो खाली पोचेपर्यंत चुरा होतो, फटी बुजतात आणि वायूला वाट उरत नाही. पहिली दोन कामं वाईट कोकही कसाबसा करतो, तिसरं मात्र करूच शकत नाही.

आता राख. चिकुहोच्या कोळशाच्या थरांत शेलचे (मातकट खडकाचे) पापुद्रे असतात. कोळसा न धुता भाजला की ती सगळी राख कोकमध्ये उतरते. हिशोबासाठी दोन कोक घ्या, एकात १० टक्के राख आणि दुसऱ्यात २०. दुसऱ्याच्या प्रत्येक टनामागे १०० किलो कार्बन कमी आला आणि १०० किलो राख जास्त आली. त्या राखेत साधारण निम्मी सिलिका धरा, म्हणजे ५० किलो. ती स्लॅगमध्ये (वितळलेल्या लोखंडावर तरंगणाऱ्या मळात) वाहती ठेवायला सुमारे तेवढाच चुना लागतो, म्हणजे जवळजवळ ९० किलो चुनखडी. यातून १५० किलो जादा स्लॅग तयार होतो, तो वितळवायला उष्णता लागते. चुनखडी भाजायला वेगळी उष्णता जाते, आणि तिच्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड वर जाता जाता आणखी कोक खातो. म्हणून भट्टीवाले ठोकताळा धरतात की राख एक टक्क्याने वाढली की लोखंडाच्या टनामागे कोक दीड-दोन टक्क्यांनी वाढतो. तो वाढलेला कोकही पुन्हा राखच घेऊन येतो!

याचा उत्पादनावरचा परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. भट्टी दिवसाला किती लोखंड देते, हे ती किती वारा घेते यावर ठरतं. एक किलो कार्बन टुयेरसमोर (म्हणजे झोत आत सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी) जाळायला सुमारे साडेचार घनमीटर हवा लागते. वाऱ्याची यंत्रं ठरावीक हवा देतात, म्हणून दिवसाला जळणारा कोकही ठरावीक असतो. समजा तो १६० टन आहे. टनामागे एक टन कोक लागत असेल तर १६० टन लोखंड निघेल. टनामागे १.६ टन लागायला लागला की त्याच वाऱ्यात १०० टनच निघेल. त्यातच चुऱ्यामुळे ढीग वारा घेईनासा झाला आणि झोत २० टक्क्यांनी कमी करावा लागला, तर हाती उरतात ८० टन. यंत्रात एकही बिघाड नाही आणि उत्पादन बरोबर निम्मं. यावाताची भट्टी आखलेल्या उत्पादनाच्या निम्म्याच्या आसपास रखडत होती. वरचे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण तिथल्या दुखण्याची घडण हीच होती.

कोक कमी पडतो तेव्हा नुसतं उत्पादन घटत नाही, भट्टीचा स्वभावच बिघडतो. ढीग मध्येच अडकतो, त्याला हँगिंग म्हणतात. वर टाकलेला माल खाली सरकत नाही आणि झोताचा दाब चढत जातो. उपाय एकच, झोत कमी करून ढीग आपल्या वजनाने खाली येऊ द्यायचा. तो सावकाश उतरला तर ठीक. धाडकन कोसळला (स्लिप) तर वरून धूळ आणि वायूचा लोट उडतो, आणि वरच्या थरातलं नीट न तापलेलं, प्राणवायू न निघालेलं खनिज थेट खालच्या गरम भागात पडतं. तिथे ते उष्णता शोषून घेतं. स्लॅग काळा पडतो, कारण त्यात लोहाचा ऑक्साइड राहून जातो. लोखंडात सिलिकॉन घटतो, गंधक वाढतो, तोडल्यावर ते पांढरं दिसतं. काळा स्लॅग दिसल्यावरही त्याच वजनाचा खनिजाचा चार्ज (एका खेपेला वरून टाकायचा माल) चालू ठेवला, तर पुढच्या काही तासांत तळ थंडावतो, स्लॅग टुयेरमध्ये शिरतो आणि भट्टी गोठते. त्या वेळी खनिज ताबडतोब कमी करून मध्ये कोकचे कोरे थर द्यावे लागतात. पण त्या कोऱ्या थरांचा कोकच कमकुवत आणि राखेचा असेल, तर औषधातूनच रोग वाढतो.

थंड भट्टीचा फटका पुढच्या, पोलाद बनवणाऱ्या विभागाला बसतो. यावातात पोलादासाठी दोन्ही पद्धती ठेवलेल्या होत्या, बेसेमर कन्व्हर्टर आणि ओपन हार्थ. बेसेमर म्हणजे वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकणारं पातेलं, त्यात बाहेरून इंधन नसतं. लोखंडातला सिलिकॉन जळून जी उष्णता निघते तीच त्याची. दीड-दोन टक्के सिलिकॉन असलेलं गरम लोखंड मिळालं तर फुंकर नीट लागते. सिलिकॉन कमी असलेलं गार लोखंड आलं तर पातेल्यात पोलादाचे थर गोठून बसतात. फॉस्फरस तर अम्लधर्मी अस्तरात निघतच नाही, त्यामुळे खनिजच त्या बेताचं हवं. ओपन हार्थ याबाबतीत सोशिक. तिला वायूची स्वतःची आच असते, थंड कच्चं लोखंड आणि भंगारही तिच्यात चालतं. झोतभट्टी अडखळत असताना बेसेमर हतबल होतो आणि ओपन हार्थ तग धरते. पुढच्या विस्तारांत भर ओपन हार्थवर पडत गेला त्याचं एक कारण हेही आहे.

घुमटाकार भट्ट्यांचा दोष काय होता, हेही सांगायला हवं, कारण त्याच पद्धतीच्या भट्ट्यांमधून अमेरिकेत उत्तम कोक निघत होता. तिथला कोळसा मुळातच घट्ट चिकटणारा. घुमटाकार भट्टीत कोळशाचा काही भाग जाळूनच उष्णता मिळवतात, ती वरून खाली हळूहळू उतरते, भाजायला दोन-तीन दिवस लागतात. कमी चिकटणाऱ्या कोळशाला हे चालत नाही. त्याला झटकन, दोन्ही बाजूंनी, अरुंद जागेत दाबून तापवावं लागतं. कोपे पद्धतीच्या कोकभट्ट्या तशाच असतात: उंच, अरुंद कप्पे, भिंतींच्या आतल्या धुराड्यांतून बाहेरची आच, आणि शेवटी ढकलणाऱ्या यंत्राने अख्खा ठोकळा बाहेर. त्यांच्याआधी कोळसा बारीक करून धुवायचा. धुण्याच्या जिगमध्ये पाण्याच्या हिसक्यांनी हलका कोळसा (घनता १.३ च्या आसपास) वर राहतो आणि शेल (२ च्या वर) खाली बसतो. कोळशाच्या कणातच मुरलेली राख मात्र धुण्याने जात नाही, म्हणून आधी किती बारीक करायचं याला महत्त्व असतं.

जुलै १९०२ मध्ये भट्टी थांबवली, तेव्हा तांत्रिक दुखण्याबरोबर पैसाही संपला होता. अंदाज चौपटीवर गेल्याने संसद नवा निधी द्यायला तयार नव्हती आणि सरकारने चौकशी समिती नेमली. ‘पैशाअभावी बंद’ हे कागदावरचं कारण खरं आहे. पण भट्टीतून रोज १६० टन निघत असते तर निधीचा प्रश्न इतका टोकाला गेला नसता, असं माझं मत आहे. निम्म्या उत्पादनावर पगार, व्याज आणि वाऱ्याच्या यंत्रांची वाफ मात्र पूर्ण लागते.

फेब्रुवारी १९०४ मध्ये रशियाशी युद्ध सुरू झालं आणि पोलादाची घाई सुटली. एप्रिलमध्ये भट्टी पुन्हा पेटवली ती याच घाईत, आणि सतरा दिवसांत थांबली. त्यानंतर नोरो कागेयोशी यांना बोलावलं गेलं.

नोरो हे जपानमधले त्या काळचे सर्वांत जाणते लोहतज्ज्ञ. तोक्योच्या पाण्याच्या नळांच्या प्रकरणात नाव गोवलं गेल्याने त्यांना विद्यापीठातलं पद सोडावं लागलं होतं. त्यामुळे कारखाना आखला जात असताना ज्याचं सर्वांत आधी ऐकायला हवं होतं तोच माणूस बाहेर होता. त्यांचं निदान दोन भागांत होतं. पहिला भाग कोकचा: राख जास्त, ताकद कमी. दुसरा भाग भट्टीच्या आतल्या आकाराचा, जो इथल्या मालाला सोसत नव्हता. आकाराला इतकं महत्त्व का, तर बॉशचा (पोटाखालच्या निमुळत्या भागाचा) उतार, पोटाची रुंदी आणि वरच्या भागाचा निमुळतेपणा हे ढीग किती सहज खाली घसरेल ते ठरवतात. जर्मनीतल्या रूर भागाच्या कठीण कोकला चालणाऱ्या मापांत ठिसूळ कोकचा चुरा भिंतीलगत साचतो, त्यावर चुना आणि अर्धवट वितळलेलं खनिज चिकटून कठडे तयार होतात, आणि त्या कठड्यांवरच ढीग अडकतो. म्हणजे आकार आणि कोक या दोन वेगळ्या चुका नव्हत्या. एकीने दुसरी उघडी पाडली.

हे सगळं जपानमध्ये आधी घडून गेलेलं होतं, ही यातली खरी टोचणारी गोष्ट. ईशान्येकडच्या कामाइशीला १८७४ पासून सरकारी लोखंड कारखाना उभारला जात होता. मिचितारोंचे वडील ओशिमा ताकातो यांनी तिथे लहान लहान पाच भट्ट्या सुचवल्या होत्या. जर्मन सल्लागाराच्या मताने सरकारने इंग्लंडहून आणलेल्या २५ टनांच्या दोन मोठ्या भट्ट्या घेतल्या. १८८० मध्ये पेटवल्यावर ९७ दिवसांत लोणारी कोळसा पुरेनासा झाला. दुसऱ्या खेपेला लोणारी कोळशाची भर कोकने काढायला गेले. तो कोक हलक्या प्रतीचा, आणि १९६ दिवसांनी भट्टीचं तोंड बंद झालं. सरकारने कारखाना मोडीत काढला. तो तानाका कुटुंबाने घेतला आणि लहान भट्टीत एकोणपन्नासाव्या प्रयत्नाला, १८८६ मध्ये, लोखंड काढलं. मग १८९४ मध्ये नोरोंच्याच सल्ल्याने जुनी २५ टनांची भट्टी सुधारून तिथे कोकवर लोखंड काढण्यात यश आलं. भट्टी मोठी आणि तिचं खाद्य कच्चं, हाच धडा सरकारने कामाइशीत पैसे मोजून घेतला होता. यावातात तो सरकारनेच दुसऱ्यांदा विकत घेतला, तोही ताकातोंच्या मुलाच्या हाताखाली.

२३ जुलै १९०४ ला तिसऱ्यांदा भट्टी पेटली. तोवर जर्मन तंत्रज्ञ जवळपास सगळे परतले होते आणि भट्टी नोरोंच्या शिष्यांच्या हाती होती. बंद पडलेली भट्टी पुन्हा पेटवणं नव्या भट्टीपेक्षा अवघड असतं. विटांना तापणं-थंडावणं सोसत नाही, तळाशी गोठलेला गोळा आधी फोडून काढावा लागतो. मग मंद आचेवर कित्येक दिवस अस्तर वाळवायचं, तळात लाकूड रचायचं, त्यावर बिनखनिजाचा कोक, मग कोकच्या मानाने अगदी हलका खनिजाचा चार्ज. स्लॅग गरम आणि वाहता आहे, लोखंडात सिलिकॉन भरपूर आहे, हे दोन-चार टॅपिंगमध्ये (भट्टीतून लोखंड बाहेर काढण्याच्या खेपांत) बघूनच खनिज टप्प्याटप्प्याने वाढवायचं. इथे घाई करणारा हमखास फसतो, कारण आज टाकलेला जड चार्ज तळाशी पोचून त्रास देईपर्यंत त्याच्यावर आणखी कित्येक चार्ज पडलेले असतात. या वेळी सुधारलेला आकार आणि धुतलेल्या कोळशाचा कोक दोन्ही हाताशी होते. भट्टी चालली. फेब्रुवारी १९०५ मध्ये दुसरी भट्टीही सुरू झाली.

आता विस्तार. आकडे मांडले की तो का अटळ होता ते दिसतं. १६० टनांची भट्टी वर्षात ३५० दिवस चालली तर ५६,००० टन लोखंड देते. ९०,००० टन पोलादाला ते पुरत नाही, म्हणून दुसरी भट्टी ही चैन नव्हती, मूळ योजनाच पुरी करायला ती लागत होती. १९०६ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या विस्ताराचं लक्ष्य १,८०,००० टन पोलादाचं होतं, आणि त्यासाठी तिसरी भट्टी आली. १९११ च्या दुसऱ्या विस्तारात लक्ष्य ३ लाखांवर गेलं, १९१७ च्या तिसऱ्यात साडेसहा लाखांवर. कारखान्याला पहिल्यांदा नफा झाला तो १९१० मध्ये.

या वेळी क्रम सुलटा होता. १९०७ मध्ये सॉल्वे पद्धतीच्या, उपपदार्थ गोळा करणाऱ्या कोकभट्ट्या आल्या. त्यांच्यातून डांबर आणि अमोनियम सल्फेट विकायला मिळतं, आणि उरलेला वायू कारखान्यात जाळायला मिळतो. पण भट्टीवाल्याच्या दृष्टीने मोठा फायदा वेगळाच: आच हातात राहते, म्हणून रोजचा कोक एकसारखा निघतो. कोक रोज बदलत असेल तर चार्जचं गणित जमत नाही. रोज सारखाच मध्यम कोक मिळाला तर जमतं. पुढे चिकुहोच्या कोळशात चीनमधल्या कायपिंगचा जास्त चिकटणारा कोळसा मिसळायला लागले, तेव्हा ताकदही वाढली.

पाण्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. टुयेर, बॉशचे थंड ठेवणारे भाग, वायूची धुलाई, बॉयलर, रोलिंग मिल, कोक विझवणं, सगळ्यांना पाणी लागतं आणि ते क्षणभरही तुटून चालत नाही. टुयेरचं पाणी गेलं की तांबं काही क्षणांत जळतं आणि पाणी भट्टीच्या आत शिरतं. म्हणून पहिल्या विस्ताराचा भाग म्हणून ओंगा नदीकाठी पंपघर बांधलं. ते १९१० मध्ये, तेव्हा वाफेवर, सुरू झालं आणि अजूनही (आता विजेवर) कारखान्याला पाणी देतं. २०१५ मध्ये त्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला.

खनिजाची बाजू मात्र विस्ताराबरोबर नाजूक होत गेली. मूळ आराखड्यात देशातल्या आकातानी खाणीवर भिस्त होती, ती भ्रामक ठरली. १८९९ मध्येच चीनच्या दाये खाणीशी करार झाला: यावाता खनिज घेणार, जपानकडून कोळसा जाणार. जानेवारी १९०४ मध्ये जपानने त्या खाणीला ३० लाख येनांचं तीस वर्षांचं कर्ज दिलं, ज्याची फेड खनिजाने व्हायची होती. १९१३ मध्ये आणखी दीड कोटी येनांचं कर्ज गेलं. दायेचं खनिज चांगलं समृद्ध, यांगत्सेवरून थेट बोटीने येणारं, भट्टीला आवडणारं. धोका धातुशास्त्राचा नव्हता, राजकारणाचा होता. १९१५ मध्ये जपानने चीनपुढे ठेवलेल्या एकवीस मागण्यांमध्ये ती खाण चालवणाऱ्या हानयेपिंग कंपनीचं नाव आलं ते उगीच नाही. पुढे कोरिया आणि मलायातलं खनिज मिसळलं जाऊ लागलं तेव्हा एकाच खाणीवरचा भार हलका झाला. अर्थात प्रत्येक नव्या खनिजाबरोबर स्लॅगचं गणित पुन्हा मांडावं लागलं.

क्रम पुन्हा चुकला तो एकदाच, आणि तोही पाण्यात. साडेसहा लाख टनांचं लक्ष्य १९१७ मध्ये ठरलं, आणि त्याच्या पाण्यासाठी कावाचीचं धरण बांधायला १९१९ मध्ये घेतलं, जे पूर्ण झालं १९२७ मध्ये. मात्र पाण्याची तूट असली तर रोलिंग मिल हळू चालवता येते आणि थोडंफार पाणी फिरवून पुन्हा वापरता येतं. भट्टीच्या तळाला अशी कुठलीही सवलत मिळत नाही.